घरगुती सौर विजेला शहरात किती वाव आहे: प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

पहिल्याच बैठकीत एका शब्दावर अडलो. शब्द 'क्षमता'. नकाशांचं काम पाहणारी सहकारी म्हणत होती, शहराची सौर क्षमता. विद्युत अभियंता सहकारी म्हणत होता, बसवायच्या यंत्रणेची क्षमता. एकीच्या मनात वर्षभरात निघू शकणारी वीज, तर दुसऱ्याच्या मनात किलोवॅट. अर्धा तास बोललो आणि मग लक्षात आलं की आपण दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतोय.

म्हणून या वहीपुरतं ठरवलं: किलोवॅटमध्ये मोजायची ती क्षमता. युनिटांत मोजायचं ते उत्पादन. आणि शहरात एकूण किती करता येईल या प्रश्नाला 'वाव' म्हणायचं. पण वावही एक नसतो. आकाशातून येणारं ऊन हा पहिला थर. त्यातलं छतांवर पडणारं हा दुसरा. पॅनेल खरोखर बसू शकतील तेवढ्या जागेतून निघणारी वीज हा तिसरा. घरमालकाला परवडेल आणि तारा पेलतील तेवढी हा चौथा. प्रत्येक थराला आकडा घटत जातो. अहवालात आकडा दिला की तो कोणत्या थराचा हे शेजारीच लिहायचं, हा पहिला नियम.

१० नोव्हेंबर

उन्हाची माहिती गोळा केली. सगळ्या कामात हाच भाग सर्वांत सोपा निघाला.

वातावरणाच्या बाहेर सूर्याकडे तोंड केलेल्या एका चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट पडतात. निरभ्र दुपारी जमिनीपर्यंत साधारण १००० पोचतात, आणि पॅनेलची छापील क्षमताही याच १००० वॅटवर, पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्यांचं, म्हणजे सेलचं, तापमान २५ अंश धरून मोजलेली असते. उरलेलं काम ढग, धूळ, बाष्प आणि सूर्याची उंची करतात. उपग्रहांच्या चित्रांवरून काढलेले तासागणिक आकडे आता कोणालाही मिळतात. युरोपीय आयोगाच्या इस्प्रा इथल्या संशोधन केंद्राचं 'पीव्हीजीआयएस', अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचं 'पीव्हीवॅट्स', जागतिक बँकेचा 'ग्लोबल सोलर अ‍ॅटलस', ऊन आणि त्यातून निघणारी वीज मोजायची ही साधनं सगळी मोफत आहेत.

जागतिक बँकेच्या २०२० च्या अभ्यासातली एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवली. एक किलोवॅट पॅनेलमधून दिवसाला सरासरी किती युनिट निघतात याची देशवार तुलना केली, तर सर्वांत वरचा नामिबिया आणि सर्वांत खालचा आयर्लंड यांच्यात फरक दुपटीहून थोडासाच जास्त आहे. वाळवंटी देश आणि ढगाळ बेट, यांच्यात फक्त दुप्पट. मग एकाच शहरातल्या दोन घरांत किती फरक असेल? हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

१८ नोव्हेंबर

छतांचे बाह्यरेखा नकाशे आले. उपग्रहचित्रांवर ठेवून पाहिले तर बुटक्या घरांच्या रेषा बरोबर बसतात, उंच इमारतींच्या मात्र बाजूला सरकतात. काही ठिकाणी आमचं 'छत' शेजारच्या रस्त्यावर पडलं होतं.

संध्याकाळी कारण सापडलं. उपग्रह नेहमी अगदी डोक्यावरून बघत नाही. तो १५ अंश तिरका असेल, तर ३० मीटर उंच इमारतीचं छत पायापासून सुमारे ८ मीटर सरकलेलं दिसतं. चित्र जमिनीच्या पातळीला सरळ केलेलं असतं, छताच्या पातळीला केलेलं नसतं. म्हणजे जिथे चूक सर्वांत मोठी तिथेच सर्वांत जास्त कुटुंबं राहतात. या इमारती हाताने सरकवाव्या लागल्या. तीन दिवस गेले, पण त्या वेळेचं मला वाईट वाटत नाही.

२ डिसेंबर

विमानातून लेझरने केलेल्या मोजणीची, म्हणजे लायडारची, माहिती शहराच्या एका भागापुरती मिळाली. त्यावरून दोन पृष्ठभाग निघतात: उघड्या जमिनीचा, आणि इमारती-झाडांसकट जे काही डोकं वर काढतं त्या सगळ्याचा. सावलीसाठी दुसरा हवा. मोजणीची जाळी एक मीटरची असेल तर टाकी, जिन्याची खोली, कठडा हे सगळं थोडंफार दिसतं. पाच मीटरची असेल तर गच्ची सपाट पाटीसारखी दिसते आणि आकडा फुगतो.

गणितासाठी 'ग्रास' या नकाशांच्या मुक्त संगणक प्रणालीतलं ऊन मोजणारं 'आर-सन' वापरतोय. प्रत्येक चौकटीसाठी ते विचारतं की या क्षणी सूर्य दिसतोय का, आड काही येतंय का. थेट ऊन अडलं तरी आकाशातून विखुरलेला प्रकाश येतच असतो, म्हणून सावलीतली चौकट शून्य धरायची नाही. आकाशाचा किती भाग तिथून उघडा दिसतो त्याप्रमाणे तिला वाटा द्यायचा. ढगाळ प्रदेशात तर वर्षभरातला निम्मा किंवा अधिक प्रकाश असा विखुरलेलाच असतो.

झाडांबद्दल वाद झाला. पानगळीच्या झाडाची मोजणी कोणत्या ऋतूत झाली त्यावर त्याची सावली ठरते. आणि झाड वाढतं. एकाने सुचवलं की झाडं वगळून दुसरा आकडाही द्यावा. मी नको म्हणालो. तो आकडा कागदावर आला की कोणीतरी कुऱ्हाड घेऊन उभा राहील. झाडांसकटचाच आकडा द्यायचा.

९ डिसेंबर

संपूर्ण शहराची लायडार मोजणी नाही, त्यामुळे उरलेल्या भागासाठी ठोकताळा लागणार. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या फोटोव्होल्टाइक, म्हणजे उन्हापासून थेट विजेच्या, कार्यक्रमाने २००२ मध्ये दिलेला ठोकताळा असा: इमारतीने जमिनीवर व्यापलेल्या दर चौरस मीटरमागे ०.४ चौरस मीटर चांगलं ऊन मिळणारं छत. सुरुवातीला चालेल.

पण ठोकताळा घरांच्या बाबतीत किती फसवतो, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेच्या २०१६ च्या अभ्यासातून कळतं. त्यांनी १२८ शहरांची लायडार माहिती वापरली. लहान इमारतींपैकी ८३ टक्के इमारतींवर पॅनेलसाठी योग्य अशी एखादी तरी जागा होती. पण याच लहान इमारतींच्या एकूण छतांपैकी योग्य क्षेत्र फक्त २६ टक्के. हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत आणि त्यांचा अर्थ वेगवेगळा आहे. '८३ टक्के घरं योग्य' असं वाचणाऱ्याला पूर्ण छप्पर पॅनेलने झाकलेलं दिसू लागतं. प्रत्यक्षात एक कोपरा मिळतो. त्यांनी सलग १० चौरस मीटरपेक्षा लहान तुकडे वगळले होते. आम्हीही वगळतो, कारण दोन-दोन पॅनेल चार कोपऱ्यांत विखरून बसवायला कोणी येत नाही.

२१ डिसेंबर

उत्तर गोलार्धात आजची सावली वर्षातली सर्वांत लांब, म्हणून मुद्दाम आजच गच्च्या बघायला निघालो. कोनमापक, मोजपट्टी, आणि आकाशाचं गोल चित्र घेणारं भिंग.

चारमजली इमारतीची गच्ची. नकाशावर अगदी स्वच्छ. वर गेलो तर दक्षिण कठड्याला लागून चौथऱ्यावर पाण्याची टाकी, गच्चीपासून तिचा माथा ३ मीटर उंच. सूर्य ३० अंशांवर असेल तेव्हा या टाकीची सावली ५.२ मीटर लांब पडते. म्हणजे गच्चीचा सगळ्यात चांगला पट्टा दिवसभर कुठून ना कुठून तिच्याखाली. शिवाय कपड्यांच्या तारा, दोन डिश अँटेना, एका कोपऱ्यात बांधकामातून उरलेल्या विटा.

सावलीचं दुखणं क्षेत्रफळापुरतं नसतं. पॅनेलमधले सेल एकामागे एक माळेसारखे जोडलेले असतात आणि एका सेलवर सावली पडली की पूर्ण माळेचा प्रवाह अडतो. म्हणून पॅनेलमध्ये सहसा तीन बायपास डायोड असतात. अडलेला भाग सोडून प्रवाह वळसा घालतो, आणि एका सेलवरच्या सावलीपायी पॅनेलची एक तृतीयांश वीज जाऊ शकते. अँटेनाच्या बारक्या दांड्याची सावली नकाशात दिसतही नाही.

एक आजी पायऱ्या चढून वर आल्या. आम्ही काय मोजतोय ते विचारलं. सांगितलं. त्यांनी टाकीकडे बघून विचारलं, "ही इथे आहे म्हणून अडतंय का?" मी हो म्हणालो. "गळते ती. बदलायचीच आहे." वहीत टिपून ठेवलं.

८ जानेवारी

ओळींमधल्या अंतराचं गणित. सपाट गच्चीवर पॅनेल तिरपं ठेवलं की ते मागच्या ओळीवर सावली टाकतं. १.७ मीटर लांबीचं पॅनेल २० अंश तिरपं केलं तर त्याची मागची कड ५८ सेंटिमीटर वर येते. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी भर दुपारी तिची सावली २० अक्षांशावर ५५ सेंटिमीटर पडते, ५० अक्षांशावर जवळजवळ २ मीटर. इतकाच फरक पुरतो. विषुववृत्तापासून दूरच्या शहरांत सपाट गच्चीचा मोठा भाग ओळींमध्ये रिकामा सोडावा लागतो. किंवा मग पॅनेल कमी तिरपी करून पूर्व-पश्चिम पाठीला पाठ लावून बसवायची. तेव्हा दर पॅनेलमागे वीज थोडी घटते, पण त्याच गच्चीत जास्त पॅनेल मावतात, आणि सकाळी-संध्याकाळी घरात माणसं असतात त्या वेळेची वीज वाढते. घरगुती वापरासाठी मला हे पटतं.

आजच्या चांगल्या पॅनेलला एका किलोवॅटमागे स्वतःची साधारण ५ चौरस मीटर जागा लागते. ओळींमधलं अंतर आणि चालायची वाट धरून आम्ही सपाट गच्चीसाठी १० धरतोय. उतरत्या छपरावर पॅनेल छपरालाच चिकटून बसतं, तिथे इतकं सोडावं लागत नाही.

१९ जानेवारी

आज माझी चूक सापडली. ती लिहून ठेवतो.

पॅनेलच्या छापील क्षमतेइतकी वीज हाती येत नाही, वाटेत तोटा होतो. त्या तोट्याचे सगळे घटक मी बेरजेने घेत होतो. 'पीव्हीवॅट्स'मधले ठरावीक घटक बघा: धूळ २, सावली ३, पॅनेलांमधला बेमेळ २, तारा २, जोडण्या ०.५, सुरुवातीची घट १.५, छापील क्षमतेतली तूट १, बंद वेळ ३. बेरीज १५ टक्के. पण प्रत्येक तोटा आधीच्या तोट्यातून उरलेल्यावर लागतो, म्हणून गुणाकार करायचा. मग १४.०८ टक्के येतो. ही चूक लहानच.

मोठी चूक पुढे आहे. त्या यादीत सावलीचे ३ टक्के आधीच धरलेले आहेत, आणि आम्ही सावली प्रत्येक छतासाठी वेगळी मोजतोय. दोनदा वजा झाली. उलट तापमानाचा तोटा त्या यादीत नाही, कारण तो वेगळा मोजला जातो, आणि मी मात्र तो आत धरलाय असं समजून सोडून दिला होता. हवा ३५ अंश असताना भर उन्हात पॅनेलचा सेल ६६ अंशांच्या आसपास जातो. २५ च्या वर दर अंशाला ०.३५ टक्के धरले तरी त्या वेळी १४ टक्के वीज जाते. उष्ण शहरात हे विसरणं म्हणजे लोकांना न मिळणारी वीज दाखवणं.

दोन्ही दुरुस्त केल्या. सगळ्या छतांचं गणित पुन्हा लावलं.

२७ जानेवारी

संगणक चालू आहे. लिहिण्यासारखं काही नाही.

१२ फेब्रुवारी

नमुना गच्च्यांवर पुन्हा गेलो. नकाशातली सावली आणि डोळ्यांसमोरची सावली ताडून पाहायची होती. जुळेना. प्रत्येक गच्चीवर खरी सावली आमच्या सावलीच्या मागे पडलेली, जणू सूर्य उशिरा चालतोय.

तो खरंच उशिरा चालत होता. आम्ही गणितात घड्याळाची वेळ दिली होती. सूर्याचं घड्याळ वेगळं. प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून दर अंशाला ४ मिनिटं इकडेतिकडे होतात, आणि पृथ्वीची कक्षा लंबगोल व आस कललेली असल्याने वर्षभर त्यात आणखी फरक पडत राहतो. फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्य १४ मिनिटं मागे असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे. १४ मिनिटं म्हणजे साडेतीन अंश. वर्षाच्या एकूण बेरजेत हे फारसं दिसत नाही, म्हणूनच कार्यालयात बसून ते कधीच सापडलं नसतं. पण सकाळची सावली कोणाच्या गच्चीवर पडते आणि दुपारची कोणाच्या, हे त्याने बदलतं. गच्चीवर पाय ठेवल्याशिवाय नकाशा पक्का धरायचा नाही, असं मी सहकाऱ्यांना सांगितलं. सगळ्यांना पटलं.

२० फेब्रुवारी

आज या कामाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा तक्ता तयार झाला.

आतापर्यंत आम्ही छतं मोजत होतो. पण प्रकल्पाच्या नावात 'घरगुती' आहे, आणि छत म्हणजे घर नव्हे. जमिनीवर २०० चौरस मीटर व्यापणारी इमारत घ्या. ठोकताळ्याने ८० चौरस मीटर योग्य छत, १० ला एक किलोवॅट धरून ८ किलोवॅट. एका किलोवॅटमधून दिवसाला ४ युनिट धरले तर ३२ युनिट. इथे एकच कुटुंब राहत असेल तर सगळी ३२ त्यांची. तीच इमारत चार मजल्यांची आणि दर मजल्यावर दोन घरं असतील तर प्रत्येक घराला ४ युनिट. दहा मजले असतील तर १.६.

ऊन तेच, छत तेच, पॅनेल तीच. देशादेशांत उन्हाचा फरक दुपटीच्या आसपास, आणि एकाच रस्त्यावरच्या दोन घरांत वीसपट. नोव्हेंबरात भिंतीवर लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

म्हणून मी आग्रह धरला की अहवालाच्या पहिल्या पानावर शहराची एकूण मेगावॅट क्षमता छापायची नाही. तो आकडा मोठा असतो, छान दिसतो, आणि दहाव्या मजल्यावरच्या माणसाला काहीच सांगत नाही. पहिल्या पानावर प्रभागवार, दर घरामागे किती युनिट, हेच हवं. थोडी ओढाताण झाली. एका सहकाऱ्याचं म्हणणं रास्त होतं: निधी देणारे एकूण आकडाच विचारतात. शेवटी तो दुसऱ्या पानावर गेला.

उंच इमारतींसाठी वेगळी वाट मांडली आहे. गच्चीवरची वीज घराघरांत वाटण्यापेक्षा आधी सामायिक मीटरला द्यायची, म्हणजे पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे. पंप तर दुपारी चालवता येतो, टाकी भरून ठेवता येते. घरातला दिवा मात्र रात्रीच लागतो.

१ मार्च

वीज वितरणवाल्या अभियंत्यांशी बैठक. त्यांना छतांपेक्षा तारांची काळजी. दुपारी सगळ्या गच्च्या वीज ढकलतात, घरं रिकामी असतात, आणि लांबच्या टोकाला तारेतला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढतो. दाब मर्यादेबाहेर गेला की इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणारी यंत्रं, आपोआप बंद पडतात. नेमक्या चांगल्या उन्हात. कॅलिफोर्नियाच्या जोडणी-नियमांत एक जुनी चाळणी होती: वीजवाहिनीच्या एका तुकड्यावर त्याच्या कमाल मागणीच्या १५ टक्क्यांपर्यंत निर्मिती असेल तर सविस्तर तपासणीशिवाय पुढे जाता यायचं. ही शेवटची मर्यादा नव्हे, तिच्या पलीकडे तपासून जोडायचं इतकंच. आम्ही प्रत्येक रोहित्राखालच्या (ट्रान्सफॉर्मरखालच्या) छतांची बेरीज करून त्यांना देणार. कुठे आधी तार बदलायला हवी ते त्यांना त्यावरून कळेल.

११ मार्च

रहिवाशांची सभा. सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न: "वीज गेली तरी आमच्याकडे दिवे राहतील ना?" साध्या यंत्रणेत राहत नाहीत. बाहेरची वीज गेली की जाळ्याशी जोडलेला इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो, कारण तारेवर काम करणाऱ्या माणसाच्या अंगात आपल्या गच्चीवरची वीज जाऊ शकते. बॅटरी आणि जाळ्यापासून सुटू शकणारा इन्व्हर्टर घेतला तर दिवे राहतात, पण खर्च वाढतो. हे ऐकून काही चेहरे उतरले. तरी सांगायलाच हवं होतं. नंतर कळलं असतं तर त्यांनी आमच्या बाकी आकड्यांवरही विश्वास ठेवला नसता.

२६ मार्च

त्या चारमजली इमारतीतून फोन आला. टाकी आता बदलणार आहेत. आजींनी विचारलंय, नवी कुठे ठेवायची.

गणित पुन्हा लावलं. टाकी उत्तर कठड्याला गेली तर तिची दुपारची सावली गच्चीबाहेर पडते आणि दक्षिणेचा सगळा पट्टा मोकळा होतो. कठड्याची सावली सोडून तिथे आणखी एक ओळ सहज बसते. पण हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, ते स्लॅबच्या मध्यावर ठेवता येत नाही, खाली खांब हवा. सध्याचा चौथरा खांबावर आहे. उत्तरेच्या कोपऱ्यात तसा खांब आहे का ते इमारतीच्या मूळ आराखड्यात बघावं लागेल. आराखडा त्यांच्याकडे आहे, शुक्रवारी बघायला बोलावलंय. तोपर्यंत नवी टाकी चढवू नका असं सांगितलं आहे.